घरच्यांपासून कसले खाजगी?

"घरच्यांपासून कसले आले आहे खाजगी?" हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने, आणि विशेषतः प्रत्येकीने, एकदा तरी ऐकला असेल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. परंतु तो खटला व्यक्ती आणि सरकार यांच्यातला होता. काका, आत्या, मामेभाऊ मिळून चाळीसपन्नास जणांच्या कौटुंबिक ग्रुपवर त्या निकालाची अंमलबजावणी कोणी करायची?

चाळीत खाजगीपणा नव्हताच, मग आताच तो कुठून आला, असे वडीलधारी माणसे म्हणतात. मला हे पटत नाही. भिंतीपलीकडचे ऐकू येत असे हे खरे, पण ऐकणारे कोण हे ठाऊक असे. दार उघडे आहे, लोटलेले आहे की आतून कडी आहे, या तिन्हींचे अर्थ सबंध मजल्याला कळत. आपल्या शीव या नावाचा अर्थच मुळी हद्द. सतराव्या शतकात इंग्रजांची मुंबई इथे संपे आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू होई. टेकडीवरचा किल्ला त्यासाठीच बांधला. ती हद्द डोळ्यांना दिसत होती. मोबाईलवरची दिसत नाही.

तरी ती आखण्याच्या सोयी आहेत. फेसबुकवर आपण टाकलेला फोटो सर्वांनी पाहावा, फक्त मित्रांनी, काहींना वगळून, की आपण एकट्यानेच, हे दर वेळी ठरवता येते. जुन्या फोटोचा निर्णय मागाहून बदलताही येतो. इन्स्टाग्रामवर खाते खाजगी ठेवता येते, शिवाय २०१८ पासून 'क्लोज फ्रेंड्स'ची वेगळी यादी करता येते. त्या यादीत नसलेल्या आत्याला आपण वगळलो गेलो हे कळतही नाही. कुटुंबात राहून शांतता राखायची तर ही सोय मला सर्वांत शहाणी वाटते.

व्हॉट्सॲपवरही डीपी आणि स्टेटस कोणाला दिसावे हे ठरवता येते. पण कुटुंबाचा खरा संसार चालतो ग्रुपवर, आणि तिथे ही सेटिंग्ज हात टेकतात. आपल्याला ग्रुपमध्ये कोणी घालावे हे ठरवण्याची सोय २०१९ साली आली; ती वापरून थोरल्या काकांना अडवून दाखवावे! २०२२ पासून ग्रुप गुपचूप सोडता येतो, म्हणजे फक्त ॲडमिनला कळते. आमच्या ग्रुपचे ॲडमिन थोरले काकाच आहेत.

फॉरवर्डचीही तीच गत. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना मारहाण करून ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. मर्यादा आली ती संख्येवर. फोटो कोणाचा आहे आणि तिला विचारले आहे का, हा प्रश्न तेव्हाही आला नाही.

माझ्या नात्यातल्या एका मुलीचा बारशाला साडी नेसलेला फोटो तिच्या मावशीने कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कोणीतरी स्थळे जुळवणाऱ्या एका ग्रुपवर पाठवला, वय आणि उंचीसकट. मुलगी तेव्हा एफ. वाय. ला होती. तिला हे कळले ते एका अनोळखी माणसाचा फोन आला तेव्हा. घरात जाब विचारला, तर उत्तर मिळाले, "अगं, फोटो छान आला होता म्हणून तर पाठवला!" कोणाच्याच मनात वाईट नव्हते, त्यामुळे भांडायचे कोणाशी हेही तिला कळेना. तिच्या स्वतःच्या खात्याची सगळी कुलुपे मात्र व्यवस्थित लावलेली होती. ही कुलुपे आपण काय दाखवतो यावर लागतात. घरात आपल्याला दाखवणारे दुसरेच असतात.

आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे पालकांना कळते आणि मुलांना कळत नाही. इन्स्टाग्रामने किशोरवयीनांसाठीची खाती २०२५ मध्ये भारतात आणली. त्यांतली बंधने सैल करायला सोळा वर्षांखालच्या मुलाला पालकांची परवानगी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर अठरा वर्षांखालच्या सर्वांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. हेतू चांगला आहे. पण आपल्यासारख्या किती घरांत आईवडिलांचे खाते मुलांनीच उघडून दिले आहे आणि पासवर्डही मुलांनाच पाठ आहे! तिथे पालकांच्या नावाने संमती मुलगाच देणार. (एकच मोबाईल तिघांत फिरतो अशा घरांचा विचार तर कोणी केलेलाच नाही.)

माझे मागणे साधे आहे. ग्रुपवर फोटो पडण्याआधी त्यातल्या माणसाची परवानगी मागितली जावी. फेसबुकवर कोणी आपल्याला टॅग केले तर ते तपासता येते, ही सोय त्याच्या जवळपास जाते. पण तिने फोटो आपल्या पानावर येत नाही इतकेच. जिथे टाकला तिथे तो राहतोच.

मध्यंतरी आईला तिचे स्टेटस कोणाला दिसावे याचे सेटिंग समजावून दिले. तिने चष्मा लावला, मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि यादीतली नावे एकेक करून वगळत गेली. त्यांत एक शेजारीण होती, दोघेजण तर चक्क माहेरचे. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "तू तुझा अभ्यास कर."