सोंग वठवायचे की चेहरा पुसायचा?

कॉस्प्ले म्हणजे आवडत्या कथेतले पात्र स्वतःच्या अंगावर उभे करणे. इंग्रजीतील ‘कॉस्च्युम’ आणि ‘प्ले’ हे शब्द जोडून-छाटून जपान्यांनी १९८० च्या दशकात हा शब्द घडवला. आपल्याला नवा प्रतिशब्द शोधण्याचे कारण नाही. ‘सोंग’ हा खणखणीत शब्द मराठीत आहेच. आणि सोंग नुसते घेऊन भागत नाही, ते वठावे लागते, हे शहाणपणही त्याच्या सोबतीला आहे. प्रश्न आहे तो सोंगाच्या छायाचित्राचा. स्वतः काढलेले स्वतःचे छायाचित्र संगणकावर घेऊन त्यावर हात चालवू पाहणाऱ्या नवख्या मुलामुलींना बहुधा जे शिकवले जाते, ते सोंग वठवण्याचे नव्हे, चेहरा पुसण्याचे शिक्षण आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी एका सोवळ्या आक्षेपाचा निकाल लावू. छायाचित्रात फेरफार करणे ही मुळातच लबाडी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी छायाचित्रणाचा इतिहास चाळावा. इपोलित बायार या फ्रेंच गृहस्थाने १८४० साली बुडून मेलेल्या माणसाचे सोंग घेऊन आत्मचित्र काढले. छायाचित्रणाच्या पाळण्यातच सोंगाचाही जन्म झाला, तो असा. ऑस्कर रेलँडरने १८५७ मध्ये तीसेक निगेटिव्ह जुळवून एकच भव्य प्रसंगचित्र छापले. आपल्याकडच्या स्टुडिओंत कृष्णधवल छायाचित्रे हाताने रंगवण्याची रीत होती. आणि ज्या समाजाने १९११ च्या ‘मानापमाना’त बालगंधर्वांची भामिनी डोक्यावर घेतली, त्याने रंगरंगोटीला फसवणूक म्हणावे, हे शोभत नाही. तेव्हा फेरफार करावा की नाही, हा वाद निरर्थक आहे. फेरफार कशात करावा, हा खरा वाद.

आमच्या एका विद्यार्थिनीने फोमचे तुकडे कापून, तापवून, वाकवून एक चिलखत केले होते. दोन महिने खपून त्याच्या कडांवर ब्रशने झिजलेल्या धातूची छटा आणली होती. तिने मोठ्या हौसेने छायाचित्र दाखवले. त्यात तिचा सावळा चेहरा तीन छटा उजळला होता, डोळे मोठे झाले होते, कंबर आत गेली होती. आणि कंबर आत ओढताना चिलखताची कडही वाकून विरघळली होती. आम्ही विचारले, ‘हे कुणी शिकवले?’ ती म्हणाली, ‘सर, पहिला धडाच हा असतो.’

आमचा राग या पहिल्या धड्यावर आहे. नवशिक्याच्या हाती पहिले हत्यार दिले जाते ते त्वचा गुळगुळीत करण्याचे, दुसरे ती उजळण्याचे, तिसरे अवयव ओढून-ताणून बदलण्याचे. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये आपल्या नावातला ‘फेअर’ काढून टाकला. तो आता संगणकाच्या ब्रशात येऊन बसला आहे. यावर समर्थन असे की, पात्र गोरे आहे, मग सोंगही गोरे नको का? नको. जपानी चित्रकथेतले पात्र आपण ओळखतो ते केसांच्या आकारावरून, वेशाच्या रंगांवरून, उभे राहण्याच्या ढबीवरून. गालांच्या वर्णावर ती ओळख अवलंबून असती, तर पात्राने निराळा पोशाख घातल्यावर अर्धे वाचक गोंधळले नसते. हाच न्याय उलट दिशेनेही लागू आहे: सावळ्या पात्रासाठी गोऱ्याने स्वतःला काळवंडून घेणे तितकेच गैर.

मग नवशिक्याने शिकावे काय? पुष्कळ आहे. हातभर अंतरावरून फोनने काढलेल्या चित्रात नाक फुगते, कारण ते भिंगाच्या फार जवळ असते. त्यावर उपाय नाक दाबण्याचा नाही. फोन तिकाटण्यावर ठेवून, टायमर लावून चार पावले मागे जाण्याचा आहे. नंतर शिकावे लेयर आणि मास्क. मास्कमध्ये काळा रंग झाकतो, पांढरा दाखवतो, करडा अर्धवट दाखवतो. मूळ चित्राला धक्का लागत नाही आणि चूक केव्हाही परत घेता येते. विगची कपाळावर दिसणारी कड झाकावी. जादूच्या ज्वाळा काळ्या पार्श्वभूमीवर रंगवून तो लेयर ‘स्क्रीन’ पद्धतीने ठेवावा, म्हणजे काळे नाहीसे होऊन प्रकाश तेवढा उरतो. ज्वाळा डावीकडे असेल तर चिलखताची डावी कड उजळायला हवी, हे भान ठेवावे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण इथे तरी अडवत नाही: गिंप १९९६ पासून फुकट आहे, क्रिताही फुकट आहे. नाही तो पैशाचा प्रश्न. नाही ती दृष्टी.

कुणी म्हणेल, चेहरा तिचा, मर्जी तिची. प्राध्यापकांना मध्ये पडण्याचे काय कारण? मर्जीचा मान आम्ही राखतो. पण मर्जी पर्यायांतून होते. ज्या शिकवणीत पहिल्या तासाला एकच पर्याय ठेवला जातो, तिथे मर्जी कसली? शिवाय २०२३ पासून फोटोशॉपमध्ये नुसते शब्द लिहून चित्राचा भाग भरता येतो. न शिवलेला अंगरखा आणि न घडवलेले चिलखत आता क्षणात अंगावर चढते. अशा वेळी सोंगाची किंमत कशात उरणार? जे हाताने केले आणि जे अंगाने वागवले, त्यातच.

आमची रेघ म्हणून साधी आहे. देहाला आणि कापडाला जे अशक्य, ती आग, ते आकाश, तो उजेड, खुशाल रंगवावा. कॅमेऱ्याने जे बिघडवले ते दुरुस्त करावे. पण जे हातांनी घडवले ते खोडू नये, आणि जो देह ते वागवतो तो बदलू नये. दारी आलेल्या बहुरूप्याने हवालदाराचा आव आणला, तरी त्या आवाआडचा माणूस दिसतो म्हणूनच आपण हसतो आणि त्याला पसाभर धान्य घालतो. तो माणूसच पुसला, तर दाद कुणाला द्यायची?

त्या विद्यार्थिनीने मूळ चित्र ठेवले होते, हे सुदैव. तिने ते पुन्हा उघडले आणि चेहऱ्याला हात न लावता फक्त उजेडावर काम केले. चिलखताची कड परत आली. तीही.