ग्रहणाचे वेध

दिवाळीत आमच्या गडबच्या घरी ओटीवर फराळाची ताटे आली, की विषय निघायला निमित्त लागत नाही. पेणच्या बाजारभावापासून महामार्गावरच्या खड्ड्यांपर्यंत सारे काही चिवड्याबरोबर चघळले जाते. गेल्या दिवाळीत मात्र विषय निघाला तो विषाणूंचा. आणि तो काढला मीच.

माझी पुतणी पुण्यास विषाणूशास्त्र शिकते. तिची वही सहज चाळताना एक रेषा दिसली. आधी जरा खाली उतरलेली, मग काही काळ आडवी पडलेली, मग एकदम कड्यासारखी चढलेली आणि वर जाऊन पठारावर स्थिरावलेली.

"हा कोणता किल्ला ग?" मी विचारले.

"किल्ला नव्हे हो काका! विषाणू पेशीत शिरला, की एकाचे किती होतात आणि किती वेळात होतात, त्याचा हिशेब आहे हा. एकाच फेरीचा."

आता मी पडलो मराठीचा मास्तर. एकाचे अनेक कसे होतात हे मला फक्त वचनविचारात ठाऊक! पण पोरीने शेव बाजूला सारून मला चांगले तासभर बसवले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली अडचण अशी, की सगळ्या पेशींना लागण एकाच वेळी झाली पाहिजे. आपल्या खारजमिनीत कुणी आज भात पेरले, कुणी आठवड्याने, तर पीक किती दिवसांचे हे शेताकडे बघून कसे सांगणार? म्हणून प्रयोगात पेशींच्या कितीतरी पट विषाणू ओततात, म्हणजे प्रत्येक पेशीला निदान एक तरी गाठतोच. तासाभराने, न चिकटलेले धुऊन काढतात. तेथून घड्याळ सुरू! मग ठरलेल्या वेळी थोडा थोडा नमुना काढायचा आणि विषाणू मोजायचे.

पण जे डोळ्यांना दिसत नाही ते मोजायचे कसे? युक्ती मोठी सुरेख आहे. नमुना खूप पातळ करून पेशींच्या अखंड थरावर पसरतात आणि वर खळीसारखे घट्ट आवरण देतात, म्हणजे नवा विषाणू फार तर शेजारच्या पेशीपर्यंतच पोचतो. काही दिवसांनी रंग घालतात. जिवंत पेशी रंग धरतात. मेलेल्यांच्या जागी कोरे ठिपके राहतात. एक ठिपका म्हणजे मूळचा एक विषाणू. ठिपके मोजायचे आणि जितके पट पातळ केले तितक्या पटीने गुणायचे. झाला हिशेब!

एका फेरीचा हा प्रयोग 1939 साली कॅलिफोर्नियात एमरी एलिस आणि मॅक्स डेलब्रुक यांनी केला. डेलब्रुक मूळचे पदार्थविज्ञानाचे. त्यांनी घेतले होते जिवाणूंना खाणारे विषाणू. लागण झाल्यावर त्यांनी मिश्रण इतके पातळ केले, की बाहेर पडलेल्या पिलावळीला नवे घर लवकर सापडू नये. अर्धा तास सामसूम, आणि मग एकेका जिवाणूतून डझनांनी विषाणू बाहेर! पुढे 1969 साली डेलब्रुक यांना दोघा सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. प्राण्यांच्या पेशींवर ठिपके मोजण्याची रीत रेनातो डुलबेको यांनी 1952 साली दाखवली. योगायोग असा, की त्याच साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. 1978 पासून त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. 2020 साली करोनाचा विषाणू आपल्या देशात प्रथम वेगळा काढला तो तेथेच.

"पण ही आडवी रेषा कसली?" मी विचारले. "इतका वेळ विषाणू करतो काय?"

"तो नसतोच, काका. त्या वेळी पेशी फोडून पाहिली तरी आत अख्खा विषाणू सापडत नाही. आमच्यात त्याला ग्रहणकाळ म्हणतात."

ग्रहण! शब्द ऐकून मी सुखावलो. पण ती म्हणाली, "सूर्य ग्रहणात नुसता झाकलेला असतो. हा तर मोडलेला असतो. वरचं कवच उतरवतो, आतला मजकूर पेशीला वाचायला देतो. मग पेशी बिचारी त्याचेच सुटे भाग घडवत बसते."

मला पेणचे गणपतीचे कारखाने आठवले. महिनेच्या महिने आत जावे तर कुठे हात, कुठे सोंडा, कुठे पाट. पुरा गणपती एकही नाही! आणि चतुर्थी जवळ आली, की गाड्याच्या गाड्या भरून मूर्ती बाहेर. जंतू एकाचे दोन, दोनाचे चार होतात. विषाणू तसा वाढत नाही. तो भाग जुळवून एकदम निघतो. म्हणून तो कडा. आणि पठार? पेशीच संपल्या, मग कारखाना कुठला!

हसता हसता मी एकदम गप्प झालो. कारण मला 2020 चा गणेशोत्सव आठवला.

त्या वर्षी मुंबईहून निघण्यापूर्वी मी चाचणी करून घेतली होती. निगेटिव्हचा कागद खिशात घालून मी ताठ मानेने गावात शिरलो. आत्या पडवीत बसली होती. "बाला, कवा आयलास?" म्हणत तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिसऱ्या दिवशी मला कणकण आली. सातव्या दिवशी आत्याला धाप लागली. भाऊबीजेला माझ्या वडिलांना ओवाळायला ती राहिली नाही.

हे मी आजवर कुणापाशी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "त्या कागदाने मला फसवलं का ग?"

पुतणी बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कागद खोटा नव्हता, काका. तो त्या दिवसापुरता खरा होता. एका पेशीतली फेरी तासांची असते. पण अंगात फेरीमागून फेरी व्हावी लागते, तेव्हा कुठे नाकातल्या नमुन्यात पुरेसं काही सापडतं. त्याला दिवस लागतात. तुमचा कागद त्या आडव्या रेषेवरचा असेल. आणि नसेलही. बाबा तेव्हा रोज वडखळला बाजाराला जात होते. आत्याआजीला कुणाकडून आलं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही."

भावाने मान खाली घातली. म्हणजे एवढी वर्षे आम्ही दोघेही एकच ओझे, एकमेकांपासून लपवून, वाहत होतो तर! वहिनीने न बोलता आमच्या दोघांच्या पुढ्यात चहा ठेवला.

ग्रहण लागण्याआधी वेध लागतात, आणि वेधात आपले वाडवडील जपून वागत. विषाणूचे वेध दिसत नाहीत, एवढाच फरक. म्हणून, मंडळी, चाचणीच्या कागदावरचा निकाल वाचण्याआधी तारीख वाचा. आणि यंदा फराळाला निघताना घसा खवखवत असेल, तर सरळ माजघरात म्हाताऱ्या माणसांजवळ जाऊ नका. ओटीवरच बसा. करंज्या आम्ही बाहेर आणून देऊ.