अंगानं भरलेली बाई आणि रक्ताची कमतरता

शाळेत आपण दर आठवड्याला लोहाच्या गोळ्या देतो. लहान वर्गांना गुलाबी, दहा वर्षांपुढच्यांना निळी. तेव्हा पालकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मॅडम, पोरगं बारीक आहे, त्याला द्या. त्याच्या आईला काय धाड भरलीय, चांगली जाडजूड आहे!"

हा समज मला घातक वाटतो. चौथीच्या पोरांनाही जमेल असं गणित मांडते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. उंचीच्या मानानं वजन कमी असलेल्या महिला होत्या 20.8 टक्के. आता या सगळ्याच बारीक बायकांचं रक्त कमी आहे असं धरलं, तरी शंभरातल्या साधारण 33 उरतात. त्या कोण? मध्यम बांध्याच्या आणि जाड बायकाच ना!

वजन वाढलं म्हणजे लोह वाढलं असं नसतं. भात, साखर, तेलानं पोट भरतं, वजन वाढतं, पण त्यातून लोह फारसं मिळत नाही. दुसरं कारण शरीराच्या आत आहे. चरबी वाढली की अंगात बारीकशी सूज कायम राहते. त्यामुळं यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं आणि ते आतड्यातून लोह रक्तात जायची वाट अडवतं. म्हणजे खाल्लेलंही नीट अंगी लागत नाही. त्यात वजन उतरवायला एक वेळचं जेवण सोडलं, तर आणखीच पंचाईत.

बारीक बाईचा धोका खोटा आहे असं मुळीच नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात सुगीला दिवसभर रानात राबून, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बायका काय कमी आहेत? तिथं अन्नच कमी पडतं. पाळी, बाळंतपणं यांत रक्त जातं ते वेगळंच. पण दोघींचं दुखणं सारखंच, थकवा, धाप, चक्कर. बारकीला लोक "अशक्त" म्हणतात आणि जाडीला "आळशी". हे मला फार टोचतं.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि पुरुषाचं 13 च्या खाली गेलं की रक्तक्षय. (हो, पुरुषांनाही होतो, पण तपासायला जातंय कोण!) डोळ्यांनी बघून हे कळत नाही. गोळ्या मात्र तपासून, डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. घरात मेथी, हरभऱ्याची भाजी, मटकी असतेच, त्यावर लिंबू पिळावं. जेवणाला लागून चहा नको, त्यानं लोह नीट शोषलं जात नाही.

माता-पालक सभेला आपण उपकेंद्राच्या ताईंना बोलावतोच. त्या दिवशी आयांचं वजन आणि हिमोग्लोबिन दोन्ही तपासून घ्या. वहीत दोन रकाने शेजारीशेजारी आखायचे आणि कुणालाही "तुम्हाला गरज नाही" म्हणून रांगेतून बाजूला काढायचं नाही.