काटा चढला की थांबायचं!

घरात कुणाला कणकण वाटली की आपण आधी थर्मामीटर शोधतो. कुकरच्या शिट्ट्या मोजतो. पण ज्या पिकअपवर घर चालतं, जिच्या कर्जाच्या कागदावर आपलीही सही असते, तिच्या डॅशबोर्डवरचे काटे काय सांगतात हे आपल्याला कुणी सांगत नाही. 'ते गाडीचं, पुरुषांचं काम' असं म्हणून विषय संपतो. मैत्रिणींनो, मला विचाराल तर हे आपल्याला परवडणारं नाही.

आमच्या साखरप्याकडे एप्रिल-मे म्हणजे आंब्याची धांदल. पेट्यांनी भरलेली पिकअप आंबा घाट चढून कोल्हापूरच्या मार्केटला जाते. वर ऊन, मागे वजन आणि खालच्या गिअरमध्ये घुमणारं डिझेल इंजिन. अशा चढावर इंजिन तापलं आणि तसंच दामटलं तर हेड गॅस्केट जातं. तेलाचा दाब गेला तर इंजिन सीज होतं. खर्च तर होतोच, पण ऐन हंगामात गाडी गॅरेजला पडते आणि हप्ता काही थांबत नाही.

'गाडीत लाल दिवा असतोच की,' असं कुणीही म्हणेल. पण तेलाचा दिवा दाब जवळजवळ संपल्यावर लागतो. म्हणजे ती आजाराची सूचना नव्हे, अत्यवस्थ झाल्याची बातमी! बऱ्याच गाड्यांमध्ये तापमानाचा काटाही मधल्या खुणेवर स्वस्थ बसेल असाच केलेला असतो. थोडंफार वरखाली झालेलं तो दाखवतच नाही. म्हणून आकडे दाखवणारे जादा गेज हवेत.

पण कोणते? गॅरेजमध्ये आम्हाला पहिला सल्ला मिळाला, "वहिनी, टर्बोचा गेज लावा, रात्री झकास दिसतो." अमेरिकेत जड ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल पिकअपला टर्बोचा दाब, टर्बोकडे जाणाऱ्या धुराचं तापमान आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारे गेज काचेशेजारच्या खांबावर ओळीने लावतात. इंजिनची ताकद वाढवून घेतली असेल तर धुराचं तापमान पाहायलाच हवं. आपल्या साध्या, कंपनीतून आली तशी चालणाऱ्या गाडीला मात्र दोनच गोष्टी आधी लागतात: पाण्याचं, म्हणजे कूलंटचं तापमान आणि तेलाचा दाब. आम्ही तेवढेच दोन घेतले.

बसवताना शेजारी उभं राहावं आणि विचारावं. तेलाच्या गेजमध्ये एक प्रकार असा असतो की बारीक नळीतून गरम तेल थेट केबिनपर्यंत येतं. नळी फुटली तर तेल पायावर. त्यापेक्षा सेन्सर इंजिनजवळ आणि आत फक्त वायर, हा इलेक्ट्रिक प्रकार बरा. मूळ दिव्याचा सेन्सर काढून टाकू देऊ नये, टी-जोड लावून दोन्ही ठेवता येतात. वायरला फ्यूज हवा आणि पत्र्याच्या भोकातून ती जाते तिथे रबरी बुश हवा, नाहीतर वायर घासून शॉर्ट होते. गाडी वॉरंटीत असेल तर एकही वायर कापण्याआधी शोरूममधून लेखी विचारून घ्यावं. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत निदानाच्या सॉकेटला छोटा डिस्प्ले जोडला की तापमानाचा आकडा वायर न कापताही मिळतो.

मग आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवायचा. गरम झालेल्या इंजिनाचं तापमान साधारण ८० ते ९५ अंशांच्या आसपास असतं. तेलाचा दाब गाडी उभी असताना कमी आणि वेग घेतला की जास्त दिसतो. नेहमीपेक्षा वेगळं दिसलं की सावध. तापमान एकदम खाली आलं तरी खुश होऊ नये. पाणी गळून सेन्सर कोरडा पडला तरी असं होतं. तेलाचा दाब पडला तर इंजिन लगेच बंद. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही.

आता खरा मुद्दा. गेज लावला, काटाही चढला, पण चालवणारा थांबतो का? बहुतेकदा नाही. कारण त्याच्या डोक्यात लिलावाची वेळ असते आणि खिशात सारखा वाजणारा फोन. "कुठे पोचलात? अजून घाटातच?" हे विचारणारे मार्केटवाले असतात, तसे घरचेही असतात. मग तो म्हणतो, एवढं वळण काढू आणि बघू. त्या एका वळणात इंजिन जातं.

गेजची किंमत थांबायची मुभा असेल तरच वसूल होते. ही मुभा मिस्त्री देऊ शकत नाही, ती घरानेच द्यायला हवी. काटा चढला तर सुरक्षित जागा बघून थांबायचं, उशिराबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, पगारी ड्रायव्हर असेल तर त्याचा पैसा कापायचा नाही. हे आजच, हंगामाआधी, सगळ्यांसमोर ठरवा आणि ठरवताना बोलणारी तुम्हीच असा. कर्जाला सही चालते, तर या निर्णयाला आपला शब्द का चालू नये?