विश्लेषण : परदेशी निघालात? तिकिटाआधी मोत्याची चिप

जर्मनीत नोकरी लागते, व्हिसा हाती येतो, तिकीट निघते. घर आवरताना लक्षात येते की मोत्याचा विचारच झालेला नाही. पशुवैद्यकाकडे धाव घेतल्यावर कळते, किमान चार महिने लागतील. मालक जातो, मोत्या मागे राहतो. कधी आजी-आजोबांकडे, कधी ओळखीच्यांच्या मळ्यात, कधी थेट रस्त्यावर. मनमाडकरांसाठीही हा प्रश्न आता फक्त मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही.

चार महिने कशासाठी?

कारण एकच, रेबीज. युरोपीय महासंघाने रेबीजच्या दृष्टीने सवलत दिलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे आधी कातडीखाली १५ अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना. महासंघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजे. नमुना घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबायचे. आधीच संसर्ग झालेला असेल, तर त्या काळात तो उघड व्हावा, हा हेतू.

घोळ होतो तो क्रमात. आपल्याकडे पिल्लाला लस टोचतात, चिपचे कुणी विचारतही नाही. पण चिपच्या आधीची लस मोजलीच जात नाही. ती याच कुत्र्याला दिली, हे सिद्ध कसे करणार? मग पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस. बूस्टरची तारीख चुकली तरी तेच. पिल्लू १२ आठवड्यांचे होण्याआधी दिलेली लसही चालत नाही. म्हणजे अगदी वेळेत सुरुवात केली, तरी पिल्लू सात महिन्यांचे होईपर्यंत निघता येत नाही.

ब्रिटनचे नियम साधारण असेच आहेत. शिवाय कुत्र्याला पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पट्टकृमीचे औषध द्यावे लागते आणि विमानाने नेताना प्राणी मालवाहतुकीतूनच न्यावा लागतो. भारतातून नेलेल्या प्राण्यांना २०११ सालापर्यंत तिथे सहा महिने विलगीकरणात काढावे लागत. आताचे तीन महिने घरच्या ओटीवर जातात, हे त्यामानाने बरेच. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केले : वय किमान सहा महिने, चिप आणि भारतासारख्या देशातून येणाऱ्यांसाठी ठरावीक विमानतळ. रक्ततपासणीचा ग्राह्य अहवाल नसेल तर २८ दिवस विलगीकरण. मांजराला मात्र तिथल्या केंद्रीय आरोग्य यंत्रणेची रेबीजच्या लसीची अट नाही. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट प्रवेशच नाही.

हा जाच वाटतो, पण मला त्या देशांची बाजू पटते. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोव्याने भटक्या कुत्र्यांना सातत्याने लस देऊन २०२१ मध्ये ‘रेबीज नियंत्रित’ राज्य होऊन दाखवले. आपल्या नगरपालिकांना ते का जमू नये? तोवर निदान पहिली लस देतानाच पशुवैद्यकांनी ‘परदेशी जायचा विचार आहे का?’ एवढे विचारावे. त्या एका प्रश्नाने पुढचा बराच वेळ वाचेल.

मनमाडहून निघताना

निघण्याच्या आधीच्या दिवसांत मुंबईच्या केंद्रीय पशू विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून निर्यातीचे आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. युरोपसाठीचे प्रमाणपत्र पोहोचण्याआधीच्या दहा दिवसांतलेच लागते, म्हणून घाईने महिनाभर आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. ‘पंचवटी’ने जाऊ म्हणाल, तर चेअरकारमध्ये कुत्रा नेता येत नाही. एसी प्रथम वर्गात पूर्ण कूपे घेतला तरच तो सोबत बसतो, नाहीतर पार्सल कार्यालयात नोंदवून गार्डच्या डब्यातल्या पेटीत. विमानाच्या आदल्या दिवशी त्याला त्या खडखडाटात टाकू नये. गाडी ठरवावी.

थांबण्याचे महिने पिंजऱ्याच्या सवयीसाठी वापरा. पिंजरा घरात उघडा ठेवा, जेवण आतच द्या, मग थोडा थोडा वेळ दार लावा. आत त्याला कान न टेकता उभे राहता, वळता आणि पसरता आले पाहिजे. गुंगीचे औषध देऊन पाठवू नका. उंचावर श्वास आणि रक्तदाब बिघडण्याचा धोका असतो. हचच्या जाहिरातीमुळे घरोघरी पोहोचलेला पग किंवा पर्शियन मांजर असेल, तर तिकिटाआधी विमान कंपनीला विचारा. चपट्या नाकाच्या प्राण्यांना कित्येक कंपन्या घेतच नाहीत.