गुडघे टेकलेली बाई

डिसेंबरातली सकाळ. जुन्या गोव्यातील एका चर्चमध्ये मिस्सा नुकती आटोपली होती. भाविक बाहेर पडत होते आणि बाहेर थांबलेल्या बसमधले पर्यटक आत शिरत होते. बाकांच्या चौथ्या-पाचव्या रांगेत एक वयस्क बाई अजून गुडघे टेकून होती. डोक्यावर काळी जाळीदार ओढणी, हातात जपमाळ, ओठ हलत होते. मधेच तिने चष्मा काढून डोळे पुसले. तेवढ्यात तिच्या खांद्यावरून, वीतभर अंतरावरून, एक मोबाइल पुढे आला. मागे उभ्या असलेल्या तरुणाला सोनेरी वेदी आणि तिच्यापुढे प्रार्थना करणारी बाई अशी दोन्ही एका चौकटीत हवी होती. शेजारीच पाटी होती की वास्तूचे फोटो घ्या, माणसांचे घेऊ नका. त्याने फोटो घेतला, पडद्यावर पाहिला, मनासारखा आला नाही म्हणून आणखी दोन घेतले. बाईने मान वळवून एकदा पाहिले, जपमाळ मुठीत घेतली आणि उठून निघून गेली. तो तरुण आणि त्याच्याबरोबरची माणसे मराठीत बोलत होती.

हे शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिले आहे. प्रार्थनास्थळात मनाई असताना फोटो काढणारे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गळ्यात कॅमेरा अडकवलेला परदेशी पाहुणा येतो. आता तसे राहिलेले नाही. फोटो काढणारे आपण आहोत. हाच तरुण पंढरपूरला गेला तर मोबाइल निमूटपणे लॉकरमध्ये ठेवेल, बिल्ला खिशात घालेल आणि रांगेला लागेल. अंबाबाईच्या गाभाऱ्यासमोर कुणी परक्याने आपल्या आईच्या तोंडाजवळ मोबाइल धरला, तर हाच त्याचा हात धरेल. म्हणजे त्याला मर्यादा कळत नाही असे नाही. ती आपल्या देवापुरती पाळायची आणि दुसऱ्याच्या देवघरात शिरताना चपलांबरोबर बाहेर ठेवायची, अशी त्याला सवय झाली आहे. आणि जिथे चपलाही काढाव्या लागत नाहीत तिथे ही आठवण करून देणारेही काही उरत नाही.

याला सहलींची आखणीही कारणीभूत आहे. गोवा दर्शनाच्या कागदावर किल्ला, बीच, चर्च, मंगेशी असे सगळे एकाच मापाचे ‘पॉइंट’ असतात. बसमधला गाइड सांगतो, ‘चला, अर्धा तास, फोटो काढून लगेच परत या.’ आत चालू असलेली उपासना त्या अर्ध्या तासात कुठेच बसत नाही. बॉम जेझू चर्चचे बांधकाम १६०५ मध्ये पूर्ण झाले आणि १९८६ मध्ये जुन्या गोव्याची चर्चेस जागतिक वारशाच्या यादीत गेली, हे गाइड सांगतो. तिथे आजही मिस्सा होते, ३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त असते आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेनासाठी गोमंतकातून भाविक येत राहतात, हे सांगायचे राहून जाते. वारसा म्हटले की माणसाला संग्रहालय वाटते आणि संग्रहालयात बसलेली बाईही मग प्रदर्शनातली वस्तू होते.

फोटोला मनाई म्हणजे देव लपवून ठेवणे, असे पुष्कळांना वाटते. ‘फोटो काढला तर देव काय झिजतो का?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे आणि तो प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. विठोबाचे रूप कुणापासून लपलेले नाही. ते घराघरांतल्या तसबिरीत आहे, रिक्षाच्या काचेवर आहे, मंदिराबाहेरच्या दुकानात आहे. शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर इथले दर्शन आता घरबसल्या मोबाइलवर दिसते. मनाई देवाला झाकण्यासाठी नाही. ती आपल्या पुढे आणि मागे उभ्या असलेल्या माणसासाठी आहे.

पंढरपूरची पदस्पर्शाची रांग ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आषाढीला ती रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. पंधरा-वीस तास उभे राहून, कधी पावसात, कधी रांगेतच बसून भाकर खाऊन माणूस सोळखांबीत येतो. चौखांबीतून पुढे सरकतो. आणि मग पायांवर डोके ठेवायला त्याला किती वेळ मिळतो? दोन क्षण. ‘चला माउली, पुढं चला’ म्हणत सेवेकऱ्याचा हात खांद्यावर पडतोच. एकदा माझ्यापुढे परभणीकडची एक म्हातारी होती. तिने पायांवर डोके ठेवले, कपाळ वर केले आणि हाताच्या दोन्ही तळव्यांनी विटेला चाचपून पाहिले, जसे परगावाहून आलेल्या लेकाचे पाय आई चाचपते. सेवेकऱ्यानेही तिला एक क्षण जास्त दिला. तिच्या मागच्याच्या हातात त्या वेळी मोबाइल असता, त्याने तो वर धरून कोन साधायला चार सेकंद घेतले असते, तर ते चार सेकंद कुणाच्या तरी वाट्यातून गेले असते. रांगेतल्या लाखभर माणसांचा हिशेब केला तर ही चोरी लहान नाही. हे मंदिर सगळ्यांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केले. जे दोन क्षण एवढ्या यातायातीने सर्वांच्या वाट्याला आले, त्यांची राखण झालीच पाहिजे.

पण राखण करणाऱ्यांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नियम रांगेतल्या माणसाला एक आणि पुढाऱ्याला दुसरा असेल तर तो टिकत नाही. एकादशीची शासकीय महापूजा हा राज्याचा जाहीर विधी आहे, मानाच्या वारकरी जोडप्यासह ती होते, तिचे चित्रीकरण समजू शकते. एरवी मात्र वर्षभर कुठल्या ना कुठल्या देवस्थानात गाभाऱ्यात उभे राहिलेले मान्यवर, त्यांच्या गळ्यातली शाल, हातातला नारळ आणि मागे मूर्ती, असे फोटो आपण वर्तमानपत्रांत पाहतो. ते काढणाऱ्याचा कॅमेरा आत कसा गेला? दारावरच्या सुरक्षारक्षकाला दिवसभरात हा प्रश्न कितीतरी भाविक विचारतात आणि त्याच्याकडे उत्तर नसते. बारा तास उभा राहणारा, तुटपुंज्या पगारावर काम करणारा तो माणूस लोकांच्या शिव्या खातो आणि वर ज्यांनी नियम मोडला त्यांना नमस्कारही करतो. देवस्थानांच्या विश्वस्तांनी गाभाऱ्यातले कॅमेरे सर्वांसाठी बंद केले तर निम्मी पाटी वाचायचीसुद्धा गरज उरणार नाही.

कारण न सांगता घातलेल्या बंदीचेही असेच होते. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलचे उदाहरण आठवते. १९८० ते १९९४ या काळात मायकेलअँजेलोच्या तिथल्या चित्रांची स्वच्छता झाली. जपानच्या निप्पॉन टेलिव्हिजनने त्यासाठी सुमारे ४२ लाख डॉलर दिले आणि बदल्यात छायाचित्रणाचे हक्क घेतले. त्या हक्कांची मुदत केव्हाच संपली, बंदी राहिली. आज तिथले रखवालदार ‘नो फोटो’ असे ओरडत असतात आणि त्या ओरडण्यानेच प्रार्थनागृहाची शांतता मोडते. मनाईची सुरुवात कराराच्या कागदावर झाली आहे हे कळल्यावर माणूस ती मनापासून कशी पाळेल? याउलट अजिंठ्यात मातीच्या गिलाव्यावरचे रंग तीव्र प्रकाशाने खराब होतात, म्हणून फ्लॅश नको, हे सांगितले की शाळेतली पोरेसुद्धा ऐकतात, एकमेकांना बजावतात.

आपल्याकडच्या पाट्या मात्र फक्त दरडावतात. ‘सक्त मनाई’, ‘कडक कारवाई’, ‘दंड’. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने डिसेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या मंदिरांत मोबाइलबंदीचा आदेश दिला. केदारनाथला जुलै २०२३ मध्ये, मंदिरासमोर प्रेमाची मागणी घालतानाची एक चित्रफीत सगळीकडे पसरल्यावर, मोबाइलबंदीचे फलक लागले. दोन्ही निर्णय योग्यच होते. पण कोर्टाच्या आदेशाने माणूस मोबाइल खिशात ठेवतो आणि पहारा सैल पडला की बाहेर काढतो. ‘इथे लोक रडतात, नवस बोलतात, गेलेल्यांची आठवण काढतात. त्यांचे फोटो घेऊ नका.’ एवढी दोन वाक्ये मराठीत, कोकणीत, हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून लावली, तर ती वाचून हात आखडता घेणारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत, अशी माझी खात्री आहे. सहल काढणाऱ्यांनीही बस थांबण्याआधी एवढे बोलावे. अर्धे मिनिट लागते.

रील करणाऱ्यांशीही दोन शब्द. प्रार्थना करणारा माणूस सुंदर दिसतो, हे खरे आहे. स्वतःचे भान सुटलेले असते म्हणून तो तसा दिसतो. तुमचा मोबाइल त्याला दिसला की ते भान परत येते आणि मग तुम्ही ज्यासाठी मोबाइल उचलला तेच तिथे उरत नाही. घरातल्या आजीला देवासमोर बसलेली असताना तुम्ही कधी हाक मारत नाही. ती उठेपर्यंत दारात थांबता. चर्चमधली, दर्ग्यातली, विहारातली, गुरुद्वारातली आजी हीही कुणाची तरी आजीच आहे आणि तिच्यासाठीही दारात थांबता येते.

जुन्या गोव्यातल्या त्या बाईचे तीन फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये अजून असतील. समुद्राच्या आणि किल्ल्याच्या फोटोंच्या मधे कुठेतरी असतील. त्या तरुणाच्या नजरेस हा लेख पडला, तर त्याने ते तीन शोधून पुसून टाकावेत.