भाकरी ऑलरेडी ग्लुटेन-फ्री आहे, बॉस!

माझी एक मैत्रीण मुलाच्या एडीएचडीवर उपाय म्हणून पुण्याच्या मॉलमधून ग्लुटेन-फ्री पिठाची महागडी पाकिटं शिरूरला नेते. सासर शिरूर, माहेर दौंड, दोन्हीकडे ताटात बाजरीची भाकरी! ग्लुटेन असतं गव्हात, जवात. बाजरी, ज्वारी, नाचणीत नसतंच. मग पाकीट कशाला?

पण खरी गोची पुढे आहे. गहू बंद केल्याने एडीएचडी कमी होतो याला ठोस पुरावा नाही. गहू सोडायलाच हवा, तो सीलिअ‍ॅक हा आजार असेल तर. त्यात ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते. त्यासाठी टीटीजी नावाची ब्लड टेस्ट असते आणि ती पोळी खाणं चालू असतानाच करायची! आधीच गहू सोडलात तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणजे आधी पेडिअ‍ॅट्रिशियन, मग पथ्य. आणि मुलाची चालू औषधं, थेरपी भाकरीच्या भरवशावर थांबवायची नाहीत, प्लीज.

खाण्यावरच संशय असेल तर रंगीत गोळ्या-सरबतं बघा. २००७ मध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएटच्या मिश्रणाने मुलांची चुळबुळ थोडी वाढलेली दिसली. युरोपात २०१० पासून त्या रंगांच्या पदार्थांवर तसा इशारा छापावा लागतो.

सीलिअ‍ॅक निघालाच, तर मात्र नुसत्या भाकरीवर भागत नाही. गव्हापाठोपाठ त्याच गिरणीत बाजरी दळली की पिठात गहू आलाच. डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. तेव्हा दळण घरच्या चक्कीवर, आणि हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचायची.